भालेराव काकांचं चुकलेलं निदान

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या भालेराव काकांना "काय काका, कसं काय?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि सांगायचे, "एकशे चौतीस-ब्याऐंशी. नाडी अडुसष्ट. वजन एकसष्ट किलो चारशे. तुझं काय?" आपण सवयीनं "मजेत" म्हणून सुटू बघावं, तर ते वाट अडवायचे. "मजेत म्हणजे किती?"

सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडायला पळणाऱ्या माणसाला कुणी असं विचारलं, तर त्याच्या तोंडात काय येईल ते तुम्हीच ठरवा. माझ्या तोंडात यायचं आणि पुष्कळदा बाहेरही पडायचं. मी रागीट आहे. लपवून उपयोग नाही, चार मजल्यांच्या इमारतीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण माझं म्हणणं असं असायचं की मी उगाच चिडत नाही, चिडण्यासारखं घडतं म्हणून चिडतो. आणि चिडण्यासारखं जिथे जिथे घडायचं, तिथे भालेराव काका हातात मीटर घेऊन उभे असायचे.

ही दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, चिखलोलीला आमची सोसायटी नवीनच झाली होती. तिसऱ्या मजल्यावर मी, माझी बायको वर्षा आणि माझे वडील, नाना. मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला, वर्षा शाळेत शिकवायची. भालेराव काका दुसऱ्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते, फोरमन म्हणून निवृत्त झाले. बायको गेलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. घरात ते आणि त्यांचे मीटर.

"आकडा बोल," हे त्यांचं पालुपद. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टर बिचारा हाताला हात लावून म्हणाला, "थोडा ताप आहे." झालं! "थोडा म्हणजे किती? तुमच्या तळहाताला काटा बसवलाय का?" बाहेर बसलेले सात-आठ पेशंट ताप विसरून ऐकत होते. बदलापूरला एका लग्नात हॉलचे दिवे मिणमिणायला लागले, तर हे जेवणाच्या पंगतीतून उठून थेट स्टेजमागे. त्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. नवरा-नवरी हसतायत आणि दोघांच्या मधोमध मागे भालेराव काका, दातात स्क्रू ड्रायव्हर धरून. वधूपित्यानं रागानं विचारलं, "तुम्ही कोणाकडून?" तर म्हणाले, "एकशे ऐंशी व्होल्ट येतायत. आधी ते बघा."

आमच्या नानांशी तर त्यांचं दोन वर्षं बोलणंच नव्हतं. त्याचं असं झालं की सोसायटीच्या सभेत नानांनी निवृत्तीला मिळालेलं घड्याळ पाहून सांगितलं, "आठ वाजले, सुरू करा." भालेराव काका उभे राहिले. "सात छप्पन. तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे." कंपनीच्या साहेबानं स्वतःच्या हातानं मनगटावर बांधलेलं घड्याळ! त्या दिवसापासून जिन्यात भालेराव दिसले की नाना भिंतीवरची मीटरची पेटी वाचायला लागायचे. घरी त्यांचा उल्लेख 'तो खालचा मीटरवाला' असा व्हायचा.

त्यात लोडशेडिंग. ज्यांनी ते दिवस काढले नाहीत त्यांना मी काय सांगू आणि ज्यांनी काढले त्यांना सांगायची गरज नाही. आमच्याकडे दुपारी अडीच ते साडेपाच लाइट जायची. रोज. भालेराव काकांची तक्रार लाइट जाते ही नव्हती, अडीचऐवजी दोन सव्वीसला जाते ही होती. वही घेऊन ते लाइटच्या ऑफिसात जाऊन भांडायचे. "घालवायचीच आहे तर टायमात घालवा!" मला वाटायचं, ह्या माणसाला शिव्या द्यायच्या कशाला हेसुद्धा कळत नाही.

आमचा फ्लॅट पश्चिमेचा. बाल्कनीतून डोंगर दिसतो म्हणून मी हौसेनं घेतलेला, आणि उन्हाळ्यात दुपारी भट्टी व्हायची. नाना एकदा जेवताना म्हणाले, "दुपारी जरा तापतं रे वरती." मी दिवसभर कारखान्यात कावून आलेलो. "मग मी काय करू? लाइट मी घालवतो का? सूर्य मी फिरवू का?" असं बरंच काही बोललो. नानांनी ताकाचा पेला पुढे सरकवला आणि विषय संपला. निदान मला तरी तसं वाटलं.

नानांना दम्याचा त्रास. दर पंधरा दिवसांनी उल्हासनगरला छातीच्या डॉक्टरांकडे न्यावं लागायचं आणि रिक्षातल्या धुरानं ते तिथे पोचेपर्यंत अर्धमेले व्हायचे. म्हणून मी गाडी घेतली. जुनी, पांढरी, छोटी गाडी. नानांसाठी घेतली असं मी सगळ्यांना सांगायचो. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, भालेराव काकांच्या खिडकीसमोर ती उभी राहायची. मी बसनं कारखान्यात, वर्षा रिक्षानं शाळेत, गाडी आठवडाभर जागेवर. आणि ज्या दिवशी नानांना डॉक्टरकडे न्यायचं, नेमकी त्या सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. बॅटरी उतरलेली.

पहिल्यांदा धक्का मारला. दुसऱ्यांदा धक्का मारला. तिसऱ्यांदा पार्किंगमध्ये धक्का मारायला एकही माणूस शिल्लक नव्हता, मला बघून सगळे पांगले होते. त्या दिवशी डॉक्टरांची वेळ चुकली, नाना रिक्षानं उशिरा पोचले आणि तीन तास खोकत बाकावर बसले. घरी आल्यावर मी गाडीच्या चाकाला लाथ मारली. अंगठा सुजला. समोरच्या खिडकीतून आवाज आला, "चाकानं काय केलंय, सुहास? आकडा बघितलास का?"

दुसऱ्या दिवशी रविवार. मी ठरवलं, नवीन बॅटरी टाकून मोकळं व्हायचं. तर भालेराव काका गाडीसमोर आडवे उभे. "न मोजता बॅटरी बदलणार? ताप आला की थर्मामीटर बदलतोस काय रे? तू क्वालिटी कंट्रोलला आहेस ना? कंपनीत पण असंच करतोस?"

ह्या शेवटच्या वाक्यानं मी पेटलो आणि पेटलो म्हणूनच फसलो. "करा मग! मोजा! बघतोच मी!" असं म्हणून बसलो. पुढचे सहा आठवडे मी त्या वाक्याची किंमत भरत होतो.

सुरुवात उल्हासनगर कॅम्प चारला झाली. तिथे बॅटरीवाला लछू, सगळा भाग त्याला ओळखतो. गाडी धक्का मारून सुरू केली आणि तिकडे नेली. लछूनं बॉनेट उघडलं, एक वायर घेतली, बॅटरीच्या दोन टोकांवर फटकन टेकवली. बारीकशी ठिणगी उडाली. "खलास है साईं. नयी डालो, झंझट खतम."

भालेराव काका इतक्या जोरात ओरडले की समोरचा पापडवाला बाहेर आला. "ठिणगी काढतो? ॲसिडवर? गॅस असतो त्याच्यात! किसने बोला खलास? नापा क्या?"

"अंकल, चालीस साल का हाथ है. हाथ लगाया, पता चल गया."

"हात का आकडा कितना आया?"

लछू माझ्याकडे बघायला लागला, 'ह्यांना कुठून आणलं?' अशा नजरेनं. मी दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. तोवर भालेराव काकांनी पिशवीतून काचेची नळी काढली. वर रबरी फुगा, आत तरंगणारी काडी. बॅटरीतलं ॲसिड किती जड आहे ते तिच्यावर कळतं. जड असेल तर बॅटरी भरलेली, हलकं असेल तर रिकामी. मग हुकूम सुटला की बॅटरी रात्रभर इथे चार्ज कर, उद्या मी येऊन मोजणार. दुसऱ्या दिवशी खरंच एकटे गेले. सहाच्या सहा सेल सारखे, बाराशे साठ. म्हणजे बॅटरी ठणठणीत. एवढ्यावर थांबले असते तर ते भालेराव कसले? त्यांनी लछूचा चार्जर मोजला. तो सोळा व्होल्ट देत होता. "अरे तूच मारतो सबको! शिजवतो बॅटऱ्या!" लछू आधी भांडला, मग चार्जर उघडून बसला, शेवटी त्यानं चहा मागवला. पुढे मी कधी तिकडून गेलो की विचारायचा, "वो मीटरवाले अंकल कैसे हैं?"

बॅटरी चांगली आहे हे कळल्यावर मला काय मिळालं? काही नाही. चौथ्या दिवशी पुन्हा 'टक्'.

मग गाडीची पाळी. इंजिन सुरू ठेवून मोजलं, चौदा पॉइंट एक. म्हणजे गाडी चालताना बॅटरी नीट भरत होती. मग गळती. बॅटरीची एक वायर सोडवायची आणि मध्ये मीटर लावायचा. गाडी बंद असताना कोण गुपचूप करंट खातंय ते दिसतं. दरवाजे बंद, दिवे बंद, तरी किती जातोय? अठरा मिलिअँपिअर. "रेडिओतलं घड्याळ," भालेराव काका म्हणाले. "एवढ्यावर बॅटरी उतरायला अडीच महिने लागतील. तुझी तीन दिवसांत उतरते." तरीही त्यांनी एकेक फ्यूज काढला, बसवला, काढला, बसवला. डिकीतला दिवा विझतो की नाही हे बघायला ते स्वतः डिकीत शिरले आणि मला वरून झाकण बंद करायला लावलं. आतून आवाज आला, "विझला! उघड!" खरं सांगतो, उघडायच्या आधी मी थोडा विचार केला.

सगळं बरोबर आणि बॅटरी उतरतेच. भालेराव काकांना हा स्वतःचा अपमान वाटायला लागला. बत्तीस वर्षांत एकही मशीन त्यांना फसवून गेलं नव्हतं म्हणे. दाढी वाढली, भाजीवाल्याशी भांडण झालं, पंपाच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाला हाकलून दिलं. आणि इकडे माझ्या तोंडाला तर मोकळं रानच मिळालं होतं. रोज संध्याकाळी घरी आलो की पार्किंगमध्ये एक फेरी भांडणाची. मी म्हणायचो, बदलतो. ते म्हणायचे, दोन दिवस थांब. नाना जिन्यात उभे राहून ऐकायचे आणि हळूच वर निघून जायचे. मी त्यांना सांगायचो, "तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं." ते म्हणायचे, "रिक्षानं जाऊ रे. मला काही होत नाही." मी आणखी चिडायचो. गाडी घेऊन रिक्षानं जायचं?

एका संध्याकाळी भालेराव काका म्हणाले, "गाडी गळत नाहीये. कोणीतरी काढतंय."

हे ऐकताच मी वॉचमनच्या अंगावर गेलो. दुपारी गाडीत बसून गाणी ऐकतोस, झोपा काढतोस, बरंच काही. तो बिचारा हात जोडून "नहीं साब, चाबी तो आपके घर में है" म्हणत होता. ते खरंच होतं. किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला असायची. पण रागात असलं काही ऐकू येत नाही. भालेराव काकांनी माझा दंड धरला. "पुरावा? आकडा नसताना माणसावर आळ घेतोस? तीन दिवस दे मला."

त्यांनी बॅटरीपासून दोन बारीक वायरी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढल्या, जमिनीवरून आपल्या खिडकीत नेल्या आणि खिडकीत मीटर टांगला. दर अर्ध्या तासाला आकडा बघायचा आणि वहीत उतरवायचा. पहिल्या दिवशी मी घरी आलो तर खिडकीतूनच ओरडले, "बारा पॉइंट सहाचे बारा पॉइंट दोन झाले! अडीच ते साडेपाचच्या मध्ये!" म्हातारा खुलला होता. चोर टप्प्यात आला होता. "उद्या खिडकीत नाही बसत, इथून गाडीची नुसती मागची बाजू दिसते. बाहेर खांबाआड बसतो."

दुसऱ्या दिवशी मी बसमधून उतरलो तो जवळजवळ पळतच आलो. भालेराव काका खुर्चीवर बसले होते, खिडकीत नाही, दारात. वायरी गुंडाळून ठेवलेल्या. मीटर पिशवीत.

"कोण होता?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "बॅटरीच गेलीय. बदलून टाक."

कुठला सेल गेला, किती दाखवला, काही नाही. त्या दिवशी त्यांनी मला एकही आकडा सांगितला नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की सहा आठवड्यांनी हा माणूस लछूचं वाक्य मला ऐकवतोय.

काय बोललो ते लिहायला नको वाटतं, पण अर्धवट सांगण्यातही अर्थ नाही. संध्याकाळची वेळ, बाल्कन्यांत माणसं, पार्किंगमध्ये खेळणारी मुलं थांबलेली. मी म्हणालो, लछूला तीन सेकंदात कळलं ते तुम्हाला सहा आठवड्यांनी कळलं. फोरमन होतात की झाडूवाले? माझे वडील रिक्षात खोकत जातात तुमच्या खेळण्यापायी. आणि शेवटी म्हणालो, "घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लोकांच्या गाड्या उघडून बसता तुम्ही."

मला वाटलं आता ते आकडा तोंडावर मारतील, मीटर आपटतील, माझी लायकी काढतील. मी त्याची वाटच बघत होतो. ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "निदान चुकलं माझं. जुनी बॅटरी मला दे, लछूला देऊ नको."

"न्या! हार घाला तिला!" असं म्हणून मी वर गेलो. वर नाना बाल्कनीत पाठमोरे उभे होते. जेवायला आले नाहीत, पोट जड आहे म्हणाले.

नवीन बॅटरी बसली आणि गाडी खरोखर सुधारली. किल्ली फिरवली की सुरू. तीन दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस उभी राहिली तरी सुरू. नाना वेळेवर डॉक्टरकडे पोचायला लागले. मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो, बघा, बॅटरीच होती! सोसायटीला हसायला विषय मिळाला. पाण्याचा पंप बिघडला तेव्हा भालेराव काका मीटर घेऊन आले, तर सेक्रेटरी म्हणाले, "राहू द्या काका, बाहेरचा माणूस बोलावलाय. सहा आठवडे पाण्याशिवाय कसं चालेल?" सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. काका पिशवी घेऊन परत गेले. त्यानंतर सकाळी जिन्यात भेटले तरी ते वाट अडवायचे नाहीत. बाजूला होऊन मला जाऊ द्यायचे.

मे महिन्यात एके दिवशी कारखान्यात बॉयलर बंद पडला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. सव्वातीनला घरी आलो. लाइट नव्हती. तीन जिने चढेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला. दार उघडलं तर आतली हवा तोंडावर आली, आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ह्या वेळी मी ह्या घरात कधीच नव्हतो. भिंतीला हात लावला तर चटका बसला. ह्या खोलीत दम्याचा माणूस बसतो. आणि तो माणूस घरात नव्हता.

आधी राग आला. मला आधी रागच येतो. एवढ्या उन्हात कुठे गेले न सांगता? मग भीती वाटली. धावत खाली आलो. गाडीत बघितलं, रिकामी. वॉचमन स्टुलावर बसला होता. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाबूजी भालेराव साब के यहाँ हैं. रोज जाते हैं."

माझे वडील? त्या मीटरवाल्याकडे?

दार हवेसाठी उघडंच होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कॉट. कॉटवर नाना उशीला टेकून बसले होते, बनियनवर. त्यांच्यासमोर स्टुलावर एक छोटा पंखा भरभर फिरत होता. पंख्याच्या वायरी खाली जमिनीवर एका बॅटरीला जोडलेल्या. ती बॅटरी मी ओळखली. तिच्या अंगावर, लछूच्या दुकानात अदलाबदल होऊ नये म्हणून मी लावलेला आमच्या कारखान्यातल्या रंगाचा ठिपका होता. ती मेलेली होती म्हणे.

भालेराव काका नानांच्या पोटाकडे बघत घड्याळ धरून बसले होते. "बावीस," ते म्हणाले. "काल मिनिटाला चोवीस श्वास होते. दोननं कमी. चांगलं आहे."

"भालेराव," नाना म्हणाले, "मी सुहासला सांगून टाकू का आता? लोक तुम्हाला हसतात. मला घास गोड लागत नाही."

"काही सांगायचं नाही."

"पण तुमचं बरोबर होतं ना हो. तुम्ही खांबाआडून आलात, मी गाडीत बसलेला..."

"साडेपाच अँपिअर. किल्ली चालू, ब्लोअर एकवर. त्याची हवा गरमच, पण हवा तरी होती. वर गुदमरून मेला असता तुम्ही."

"एकदा त्याला म्हटलं होतं मी, वर तापतं म्हणून. दमून येतो पोरगा. वाईट नाही तो. पण चिडला की मग मला धाप लागते. म्हणून म्हटलं, नकोच सांगायला. साडेपाचला लाइट आली की सीट पुसून वर जायचो."

"म्हणून तर म्हणतोय," भालेराव काका म्हणाले. "माझ्यावर चिडलाय ना? चिडू दे. मी आपला दार लावून घेतो. तुम्हाला त्याच्याच घरात राहायचंय."

मी दाराबाहेर उभा होतो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. सहा आठवडे मी गाडीतला चोर शोधत होतो आणि माझे वडील माझ्यापासून लपून, माझ्याच गाडीत श्वास घेत होते. आणि ज्या माणसानं जन्मात खोटा आकडा सांगितला नाही, तो माझ्या वडिलांसाठी सगळ्या सोसायटीत खोटा पडून बसला होता. त्याला मी काय काय बोललो होतो!

माझी सावली आत पडली असावी. नानांनी वर पाहिलं आणि ते ताडकन उठून उभे राहिले. माझे वडील, सत्तरीचे. हातानं शर्ट चाचपायला लागले. "अरे, लवकर आलास? मी आत्ताच आलो खाली. दोनच मिनिटं झाली. किल्ली खिळ्यालाच आहे हं. गाडीला हात नाही लावला मी."

मी भालेराव काकांकडे वळलो. "काका, ही बॅटरी..."

"गेलेली आहे ती," ते माझ्यावर खेकसले. पंखा भरभर फिरत होता. "सांगितलं ना एकदा, निदान चुकलं माझं म्हणून? रोज काय तेच तेच? आणि दारात उभा राहू नकोस. वारा अडतोय."

मी चपला काढून आत गेलो. खुर्ची एकच होती, तिच्यावर काका. मी कॉटच्या पायाशी, बॅटरीशेजारी फरशीवर बसलो. नाना अजून उभेच होते, शर्टाचं एक बटण हातात धरून.

"बसा ना, नाना," मी म्हणालो.

ते लगेच बसले नाहीत. वाकून त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ. मग बसले.